कुहीचा आकडा

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठलं की त्याच्या लाटा किती उंच होतील, हे आम्ही नागपुरात, धरमपेठेत बसून सांगतो. खाली साड्यांचं दुकान, वर समुद्र. पाण्यापासून लांब बसलं की डोकं थंड राहतं, असं कंपनीचं मत आहे.

गणित संगणक करतो. नकाशाच्या प्रत्येक चौकटीत लाटेची उंची येते, आणि एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येईल तेही. त्यावर नजर फिरवून अंदाज किनाऱ्यावर धाडायचं काम धर्मेंद्रचं. नोव्हेंबरात, वादळ ओडिशापासून बरंच लांब असताना, नकाशात एक जादा आकडा आला. सव्वा मीटर, चौदा सेकंद. ठिकाण कुही, नागपूरपासून तासाभरावरचं.

कुहीत धान होतं. समुद्र नव्हता.

धर्मेंद्र कुहीचाच. संशय घ्यायला मला फार बुद्धी लागली नाही.

"हा तू टाकलास?"

"मी काहून टाकू, साहेब?"

"मग खोड. जमिनीवरच्या लाटा आपण खोडतो."

"खोडत नाही. अन् खरंच आली तर? घर आहे माह्यं तिथं."

आमच्या अंदाजावर होड्या सुटतात, त्यामुळे आकड्यांत हात घालणाऱ्याची नोकरी जाते. मी पासवर्ड बदलला. धर्मेंद्रला संगणकापासून उठवलं. आकडा येतच राहिला. बारा सेकंद. मग दहा. वादळ जवळ आलं की लाटा लवकर लवकर येतात, हे आम्ही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो.

चौथ्या दुपारी मी त्याच्याविरुद्ध पत्र लिहिलं. सही तेवढी बाकी ठेवली. त्याला दोन्ही हात टेबलावर ठेवून समोर बसवलं आणि त्याच्या बायकोला, कामिनीला, फोन लावला. स्पीकरवर.

"कामिनीताई, शेतात काही वेगळं?"

"धान हलून राहिलं, साहेब."

"वारा असेल."

"झाडाचं पान हलत नाही. पूर्ण वावर उठते अन् बसते. घरापर्यंत येते, मंग पलंग उचलल्यावानी होते. आमच्या ह्यायले पाठवा ना घरी."

मी घड्याळ काढलं. "आता उठलं की सांगा."

"आता," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "आता."

आठ सेकंद. पडद्यावर आठ.

मग सहा.

धर्मेंद्रचे हात टेबलावरच होते. "कामिनी, गच्चीवर जाय वं."

"गेली. बाजूचे बी चढले."

चार.

मग पुढचं "आता" आलंच नाही. फोन चालू होता.

"थांबलं," ती शेवटी म्हणाली. "सगळं सपाट झालं."

पडद्यावर शून्य आलं. मी श्वास सोडला आणि पत्र फाडलं. माणूस खोटं बोलत नव्हता, एवढं माझ्यापुरतं सिद्ध झालं होतं.

धर्मेंद्र पडद्याकडेच बघत होता. म्हणून मीही बघितलं. आमच्या नकाशात जमिनीच्या चौकटीत आडवी रेघ असते. शून्य फक्त शांत पाण्याला.

त्यानं मोटारसायकलची चावी उचलली. जरा विचार केला. परत ठेवली.