तिसरी हाक

"चाकामागं दगड लाव, अन् तोंड बंद ठेव," खुशालमामा म्हणाले.

शालूनं दगड लावला. दुसरं तिला जमणारं नव्हतं.

सन छत्तीसची दिवाळीची सुट्टी. चिखलदऱ्याची सडक दरड पडून बंद होती. शहाणा माणूस परतवाड्यालाच थांबला असता. मामांनी मोटार बैलगाडीच्या जुन्या वाटेला घातली. मोटारीत मामा, त्यांचा मुलगा सूर्यभान, भाची शालू, तिचा धाकटा भाऊ भगवंत. ब्रेक मात्र अर्धाच.

पायथ्याशी एका बाईनं, गोदाबाईनं, मोटारीचं दार धरलं होतं. "माहा धनी कालपासून आला नाही वो. नत्थुजी नाव. हरवलेली म्हैस शोधाले वर गेला. दिसला तं आना."

मामा "हो हो" म्हणाले. मामा दोनदा 'हो' म्हणाले की काही ऐकलेलं नसतं. शालूनं ऐकलं होतं.

वर चढता चढता ढग वाटेवर उतरला. आधी दरी गेली, मग सागाची झाडं, मग मोटारीचं नाक. इंजिन तापलं म्हणून मामांनी गाडी उभी केली आणि चाकामागं तो दगड लागला. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

"ओ दादा..."

खालून कुठून तरी पोकळ आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा, पण आता पाठीमागच्या कड्यातून आल्यासारखा. मग काहीच नाही. जरा वेळानं परत तशाच दोन हाका.

"कोणी ओ देऊ नका," मामा पुटपुटले. "भूत दोनदाच हाक मारते. तिसरी आली तरच माणूस समजावं."

घरी राजापेठेत कुणाला न भिणारा सूर्यभान मोटारीत खाली बसला. भगवंतनं ताईची वेणी धरली.

"मामा, नत्थुजी असले तर?"

"जित्ता माणूस घसा फाटेपर्यंत वरडते. बैस गाडीत."

शालू कडेला गेली. "नत्थुजी!"

उत्तर नाही. तिनं पुन्हा हाक मारली. आता तो आवाजही पुरता बंद झाला. हे तर जास्तच भयंकर होतं. मामा घाईघाईनं इंजिन सुरू करायचा दांडा फिरवू लागले.

हाका मारणारा ओ का देत नाही? शालूला एकदम उमगलं. त्यालाही घरच्या म्हाताऱ्यांनी तेच शिकवलं असणार. तोही मोजतोय!

"मामा, दांडा थांबवा." तिनं छाती भरून तिसरी हाक मारली, "नत्थुजी! गोदाबाईनं सांगतलं आमाले!"

"ओ... हाव माय, मीच हाव," ढगातून कुणी रडल्यासारखं बोललं.

मोटार ओढायचा दोर कामी आला. मामा धोतर खोचून खाली उतरले. मुलांनी दोर झाडाला गुंडाळून धरला. कपारीत नत्थुजी पाय मोडून पडला होता.

"मधातच गप्प काहून झाले तुमी?" वर आल्यावर शालूनं विचारलं.

"दोनच हाका आल्या ना बाई. म्या म्हटलं, तेच असन."

"अन् तुमी दोनदाच काहून हाक मारत होते?"

"तिसरीले दम पुरत नव्हता. काल दोन गाड्या गेल्या वरून. दोनच हाका ऐकून बैल पयवत गेल्या." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "तुले भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना. तुमाले त्याहून जास्त वाटत असन, म्हणून थांबले."

मामांनी आजवर कुणाची तारीफ केलेली कुणाच्या ऐकिवात नव्हती. त्यांनी सूर्यभानला मागं धाडलं आणि पुढची जागा हातानं पुसली. "शालूबाई, तुमी इथं बसा."

मोटार पायथ्याकडं वळली. ढग हटला नव्हता. प्रत्येक वळणावर मामा भोंगा तीनदा वाजवत होते. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.