पाऊण तास दाराला लागलेला हात

खरं घडलेलं सांगतोय. खोटं रचायचं असतं, तर त्यात मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

२०१९चा ऑगस्ट. तैवानमधलं कीलुंग बंदर. वेळ दुपारी अडीचची, बाहेर पाऊस.

हो, भरदुपारी.

मी जुन्होंग. आमची छोटी कंपनी ओल्या जागी चालणारी स्पर्शाची बटणं बनवायची. साधं टच बटण पाण्यालाच बोट समजतं. आमचं वेगळं होतं. स्टीलच्या पत्र्यामागून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा. पत्र्याला बोट टेकलं की बोट त्यातला थोडा आवाज पिऊन टाकतं. परत येणारा आवाज कमी झाला, की समजायचं, कुणीतरी हात लावला.

बंदरावरच्या एका मासळीच्या शीतगृहाने ते दाराच्या आतल्या बाजूला बसवून घेतलं. तिथली जुनी कडी बर्फाने सारखी जाम व्हायची, म्हणून ती काढून टाकली.

पहिल्याच आठवड्यात दार आपोआप उघडायला लागलं. पत्र्यावर धरलेलं पाणी आणि बर्फही थोडा आवाज पितात ना. मासळी वितळली, मालक तापले. मग मी मर्यादा वाढवली. आवाज थोडा कमी झाला तर मशीनने दुर्लक्ष करायचं, बराच कमी झाला तरच दार उघडायचं.

माझ्यासोबत काम करणारी पेईशान तेव्हा म्हणाली, "गोठलेला हातमोजा घालून बघितलंस का?"

"बघितलं."

"खरंच, की मनातल्या मनात?"

"अगं, शंभरपैकी शंभर वेळा चाललं. अहवालात लिहिलंय की."

लिहिलं होतं. केलं नव्हतं.

आत उणे तीस होतं आणि मला सर्दी झाली होती. एवढंच कारण.

आमच्याकडे मशीनवर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच लागतं, आणि तारीख उलटलेली चालत नाही. शीतगृहात ते पाकीट बदलायचं काम बुनहाय काकांकडे होतं. चाळीस वर्षं तिथेच राबलेला माणूस.

"काका, पाकीट वेळेवर बदला हं," मी म्हणायचो.

"तू तुझं मशीन बघ रे. खाऊचं मी बघतो."

ऑगस्टच्या सुरुवातीला, आमच्याकडे मेलेले परत येतात त्या भुतांच्या महिन्यातल्या पूजेच्या दिवशी, सगळे जेवायला गेले. काका एकटे आत गेले.

दार मागे लागलं.

पाऊण तासाने लोकांनी ते बाहेरून उघडलं. काका दाराशीच बसले होते. हृदय बंद पडलं होतं. हातातले सुती मोजे गोठून लाकडासारखे झाले होते.

मशीनमधली नोंद काढायला मलाच पाठवलं. मी एकटाच होतो.

आवाज किंचित कमी झालेला...

पुन्हा कमी...

पुन्हा...

पूर्ण पाऊण तास. गोठलेला मोजा पत्र्याला नीट टेकत नाही. प्रत्येक वेळी काकांचा हात मी ठरवलेल्या मर्यादेच्या जरासा अलीकडे राहिला होता.

मी ती नोंद पुसली.

अहवालात लिहिलं, बटण दाबल्याचं आढळलं नाही. म्हणजे म्हातारा गडबडला, बटण दाबायचंच विसरला. त्यात कुणाला तरी दिसलं की हिरव्या पाकिटाची तारीख उलटून अकरा दिवस झालेत. सगळं बंदर म्हणायला लागलं, काकांनी खाऊ बदलला नाही, म्हणून मशीन रुसलं. माझ्यासमोर बोलायचे. मी मान डोलवायचो. आज ते आठवलं तरी मान वर होत नाही.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावरच्या बटणाच्या नमुन्याची, परत येणारा आवाज दाखवणारी पडद्यावरची रेघ खाली गेली... परत वर आली... परत खाली...

पत्रा कोरडा होता.

पेईशान वैतागली. "हात काढ ना त्यावरून."

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

ती उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

दुपारी अडीचला, पावसातच मी शीतगृहात परत गेलो. तेव्हा ते बंद ठेवलं होतं. यंत्रं थांबलेली, माल हलवलेला. मी मशीनला एक छोटा भोंगा जोडला. आवाज जरासा जरी कमी झाला, तरी तो टिक् करणार आणि मशीन त्याची नोंद ठेवणार.

तेवढ्यात काकांच्या पत्नी आल्या. आकिम मावशी. हातात उदबत्त्या आणि एक नवंकोरं हिरवं पाकीट.

त्यांनी पाकीट दाराबाहेरच्या मशीनवर ठेवलं आणि मशीनसमोर वाकल्या.

"इंजिनिअर साहेब, यांच्या हातून चूक झाली. तुमच्या कामाला उगाच बट्टा लागला. माफ करा."

टिक्.

"पाणी असेल," मी म्हणालो.

दार उघडून बघितलं. आत रिकामे क्रेट. बटणावरून हात फिरवला. पत्रा कोरडा ठणठणीत.

टिक्...

"विसराळू नव्हते हो कधी," मावशी म्हणाल्या. "त्या दिवशीच कसे विसरले कोण जाणे. घरी आले असते ना, तर चांगली फैलावर घेतली असती."

मला पुढे ऐकवेना. लाजेने कानशिलं तापली होती.

"मावशी, ते विसरले नव्हते. चूक माझी आहे." मग मी सगळं सांगितलं. न केलेली चाचणी, वाढवलेली मर्यादा, पुसलेली नोंद. वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी एकच विचारलं.

"किती वेळा दाबलं त्यांनी?"

"मोजलं नाही. पुसून टाकलं."

टिक्... टिक्... टिक्...

"मी तार काढतो," मी म्हणालो.

"हात लावू नका. दार लावा."

मी दार लावलं. मावशींनी बाहेरून दारावर तळहात टेकवला आणि पुटपुटत मोजायला लागल्या. उदबत्त्या संपल्या. पाऊस थांबला. आधी भोंगा भराभर वाजत होता. मग मधलं अंतर वाढत गेलं...

एकदा इतका वेळ गेला की मला वाटलं, संपलं.

टिक्.

मग काहीच नाही.

मी घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला होता.

मावशींनी हात काढला. बाहीने डोळे पुसले.

"पाचशे बारा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही लिहिलंत, दाबलंच नाही."

त्याच संध्याकाळी मी खरा अहवाल सगळ्यांना पाठवला. नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. पेईशानने पुढे गोठलेल्या मोज्यांनी चालेल असं बटण बनवलं, असं ऐकतो.

तो आकडा मी अहवालात लिहिला. पुरावा काय, असं कंपनीने विचारलं. भोंग्याची नोंद उघडून बघितली, तर त्या दुपारची एकही खूण तिच्यात नव्हती.

या वेळी मी काहीच पुसलं नव्हतं. पण माझं कोण ऐकणार?