तुलनेचा नमुना

२०६१ सालच्या हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टेरी हंस पळसवाडीच्या धरणावर महिनाभर सुखानं चरले, आणि मग बंदुकवाले आले. कायदाच तसा होता. ज्या जिवाच्या पोटात तीनपेक्षा जास्त कवचजनुकं, त्याला पाण्यावर थारा नाही. पक्षी असेल तर सरळ गोळी.

डॉ. तन्वी आठल्ये हंसांची विष्ठा तपासायला आल्या होत्या. त्यांना होडीतून फिरवणारी द्रौपदा नगरे जातीची भोईण, साठी उलटलेली आणि जिभेला धार असलेली.

"मॅडम, कवचजनुक म्हंजी हाय तरी काय?"

"औषधातून वाचायची युक्ती समजा, मावशी. एका जंतूला ती साधली की तो शेजारच्याला देतो, परक्या जातीच्यालासुद्धा. मग कुठलंच औषध लागू पडत नाही. हंस असे जंतू पोटातून दूरदेशी नेतात."

"आन् घेत्यात कुठनं?"

तेच शोधायचं होतं. तुलनेसाठी एक निर्मळ माणूस हवा होता. द्रौपदानं जन्मात औषधाची गोळी गिळली नव्हती आणि तो तोरा ती गावभर मिरवायची. साहजिकच नमुना तिचाच घेतला.

दुपारी यंत्रानं उत्तर दिलं. उतरले त्या दिवशीच्या विष्ठेत हंस कोरे होते, आता त्यांच्यात चार जनुकं होती. द्रौपदात अकरा.

"शहर औषधं खातं, सांडपाणी धरणात येतं आणि इथले मासे तुम्ही खाता," तन्वीताईंचा आवाज खाली आला. "हा नमुना मी नोंदवत नाही, मावशी. नोंदवला तर तुमची होडी बंद, दवाखान्याचं दार बंद."

"आन् न्हाई नोंदवला तर?"

"हंसांना आजच मारतील."

द्रौपदा भडकली. "म्हंजी चोर सोडून संन्याशाला फाशी! पाव्हना आपल्या घरी जेवून बिघडला, आन् गोळी त्यालाच? लिवा. माझं नाव ठळक लिवा!"

तन्वीताईंनी लिहिलं. माणूस सापडला की काठावरच्या प्रत्येक जिवाची तपासणी होईपर्यंत बंदूक उचलता येत नसे. गाव रांगेत उभं राहिलं. कुणीच तीनच्या आत नव्हतं. बंदुकवाल्यांत नऊ-नऊ निघाली, खुद्द तन्वीताईंत सोळा. कायद्यात बसणारे जीव संध्याकाळपर्यंत एवढेच सापडले: त्या दिवशी नव्यानं उतरलेला हंसांचा थवा.

द्रौपदाच्या होडीला सील लागलं होतं. तिनं ते सगळ्यांदेखत तोडलं, होडी थेट त्या थव्यावर घातली आणि वल्हं पाण्यावर आपटत ओरडली, "उडा रं! परत जावा! हितलं पानी पिऊ नगा!"