चौकटीच्या आतला हात

दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी. रचून सांगायचं तर त्याला डोकं लागतं, तेवढं माझ्याकडे नाही. जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ कुणी काढत बसू नये.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापूर. आमचं दोन खोल्यांचं घर. दुपारचे तीन.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्याची दुपार बघितलेली नाही. रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

माझा मुलगा प्रदीप ज्या कारखान्यात होता तो बंद पडून चार महिने झालेले. तो रोज काम शोधत फिरायचा. घर चालायचं ते सून चैतालीच्या लॅपटॉपवर. तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेलं. त्या दिवशी पाचच्या आत काम जमलं तर नोकरी कायम. नाहीतर बसा घरी.

काम होतं एका चादरवाल्याच्या वेबपेजचं. पानाच्या मधोमध एक चौकट, ती दुसऱ्याच कंपनीनं केलेली. गिऱ्हाईकानं माऊस दाबून चौकटीतल्या खणांत रंग भरायचे आणि आपली चादर आपणच काढायची.

पण माऊस चौकटीत शिरला की बाहेरच्या पानाला त्याचा पत्ताच लागेना. आत बटण दाबलं आणि बाहेर येऊन सोडलं, तर चौकटीला वाटायचं, अजून दाबलेलंच आहे. रंग आपला पळतच राहायचा.

"म्हंजे भाडेकरू ठेवला आन् मधलं दार बंद," मी म्हणाले.

"अगदी तसंच, आत्या. आता तुम्ही गिऱ्हाईक व्हा. माऊसनं काय केलं ते खाली मराठीत उमटेल, असं केलंय. वाचत जा."

"सकाळपास्नं धुणं मी, भाकरी मी. आता गिऱ्हाईक बी मीच की."

बसले. खाली ओळी पडू लागल्या. आत आला. दाबलं. सोडलं.

चाळीस वेळा तेच. माझी मान आखडली. चैतालीचे डोळे लाल झाले. साडेचार वाजून गेले. मी माऊस चटईवर टाकला आणि भिंतीला टेकले. ती पाणी प्यायला उठली.

आणि...

दाबलं.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

सोडलं. दाबलं. सोडलं.

चौकटीत खण भरत होते... उजव्या कोपऱ्यातून. दोन लाल, एक पांढरा. दोन लाल, एक पांढरा.

"चैताली, वायर काढ."

तिनं माऊसची वायर उपसली.

खण भरतच राहिले.

"बिघाडच आहे, आत्या. आधीचं दाबलेलं अडकलंय." पण तिचा आवाज बारीक झाला होता.

अडकलेलं एकसारखं पळतं, हे मी दुपारभर बघितलं होतं. हे तसं नव्हतं. हे थांबत होतं. ओळ संपली की दम खात होतं.

मग मला काठ दिसला.

काठाला एकच खण... काळा.

आमच्या मालकांनी, म्हणजे प्रदीपच्या वडलांनी, एकवीस वर्षं मागावर चादरी विणल्या. प्रत्येक चादरीच्या काठाला एक काळा धागा मुद्दाम घालायचे, नजर लागू नये म्हणून. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पण खोड गेली नाही. चार वर्षांपूर्वी मागावरच पडले ते उठले नाहीत. चादर अर्धी राहिली.

चौकटीतली चादरही अर्ध्यावर आली होती.

मी पदर डोक्यावर घेतला.

"सापडलं," चैताली एकदम म्हणाली. "मधलं दारच उघडून टाकते. आत जे होईल ते बाहेर येईल. करू ना?"

नको म्हणावं, असं ओठांवर आलं. घड्याळात बघितलं. पाचला दहा कमी. तिची नोकरी गेली तर चूल कशावर पेटायची?

"उघड," मी म्हणाले.

तिनं चार अक्षरं लिहिली, एक बटण दाबलं आणि माऊसची वायर शोधायला खाली वाकली.

वायर अजून जोडलेली नव्हती...

खाली ओळ पडली.

बाहेर आला.

बस. त्यानंतर काही नाही. खण आपोआप पुसले गेले. चौकट कोरी.

मग तिनं माऊस लावून पाच-सहा वेळा तपासलं. सगळं बरोबर चाललं. पाचला साहेबांचा फोन आला. नोकरी कायम. पोरगी रडली, मी चहा टाकला.

"आत्या, मी खाली वाकले तेव्हा काय उमटलं होतं?"

"चष्मा नव्हता गं माझ्याकडं."

चष्मा नाकावरच होता. तिनं बघितला आणि चहाचा कप उचलला.

आता दुपारची झोप मी सोडली. ती कामाला बसली की भिंतीला पाठ लावून तिथंच बसते. या वयात अंगाला सोसत नाही, पण बसते. आईला फोनवर सांगते ती, सासूबाईंना कॉम्प्युटरची लई गोडी लागलीय म्हणून.

वाटू दे तसं.

त्या खोलीत तिला एकटीला सोडवत नाही मला. आणि खरं सांगू... एकटी म्हणावं की नाही, तेही मला कळत नाही.