दुसरीचं आभाळ

"तुमचा कॉम्प्युटर उलटा पडलाय."

सुरुचीने मान वर केली. काउंटरपलीकडे एक तरुण उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं, पण शर्टाच्या आत पोटाशी धरलेला कॅमेरा मात्र कोरडा होता. बाहेर नवघर रोडवर श्रावणातली एक सर अचानक आली होती आणि तिने रस्त्यावरच्या माणसांना दिसेल त्या दुकानात ढकललं होतं. त्याच्या वाट्याला 'चंदन फोटो अँड फ्रेम्स' आलं होतं.

"कॉम्प्युटर सरळ आहे," ती म्हणाली. "आभाळ उलटं केलंय."

"का बरं? काय गुन्हा केला त्याने?"

"पाण्यात घालायचंय. उलटं केल्याशिवाय पाण्यात जात नाही ते."

तो हसला. ओल्या चेहऱ्यावरचं हसू जरा जास्तच उजळ दिसतं, निदान सुरुचीला तसं वाटलं. तिने घाईघाईने नजर पडद्याकडे वळवली आणि विचारलं नसतानाच सांगायला लागली. लोक तळ्याचे, खाडीचे फोटो काढतात. आभाळ पांढरंफटक येतं, धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखं. मग त्या जागी दुसरं आभाळ लावायचं. ते कोणालाही जमतं. पण खाली पाणी असलं की पाण्यातलंही आभाळ बदलावं लागतं, आणि तिथेच सगळे फसतात.

"वर संध्याकाळ आणि खाली भर दुपार... असे फोटो येतात आमच्याकडे," ती म्हणाली. "पाणी चुगली करतं."

"मग तुम्ही पाण्याचं तोंड बंद करता."

"मी त्याला खरं बोलायला लावते. पाण्यातलं आभाळ वरच्यापेक्षा थोडं काळोखं हवं. थोडं हललेलं हवं. अगदी हुबेहूब आलं तर खोटं वाटतं."

अनोळखी माणसाशी ती इतकं कधी बोलत नसे. सर थांबली होती. तरीही तो उभाच होता.

"मी निकेत," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी एक चादर घेऊन येऊ का? पांढरीफटक?"

त्याच वेळी तिला काही वाटलं का? कोणी विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं, आणि ते कदाचित खरंही असेल. पण पुढच्या शनिवारी ती मोरपिशी कुर्ता घालून दुकानात आली, आणि तो ती सहसा लग्नाकार्यालाच घालत असे.

निकेत अंधेरीला एका विमा कंपनीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून तो खाडीवर, मिठागरांवर, नाहीतर घोडबंदरच्या बाजूला चेण्याच्या नदीवर जाई. फोटो तो चांगले काढी, पण आभाळाच्या बाबतीत त्याचं नशीब फुटकं होतं. मग दर शनिवारी तो दुकानात येई. सुरुची तिच्या फोल्डरमधून आभाळं काढून दाखवी, साडीच्या दुकानात घड्या उलगडाव्यात तशी.

"हे जांभळं बघ. तुझ्या मिठागरावर खुलेल."

"फार भडक आहे. माझ्या मावशीची पैठणी अशी आहे."

"मग हे?"

"हे बरंय. पण उदास वाटतंय."

"आभाळाला?"

"मला. आभाळाला कुठे विचारलंय तू?"

'अहो' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. मालक चंदनभाईंना मात्र सगळं कळत होतं. निकेत दारात दिसला की ते आतून ओरडत, "सुरुची, तेरा आसमानवाला आया!" आणि ती कानापर्यंत लाल होई. घरी परतताना तिला वाटे, आता हा काहीतरी बोलेल... पुढच्या शनिवारी नक्की बोलेल. तिच्याकडून बोलणं होणं शक्यच नव्हतं. इतकी आभाळं तिने आजवर बदलली होती, पण एक वाक्य तिला तोंडाबाहेर काढता येत नव्हतं.

गणपती झाले आणि निकेत एक मोठं काम घेऊन आला. गोडदेवला तो राहायचा त्या सोसायटीने खालची लॉबी नवीन केली होती. लिफ्टशेजारच्या भिंतीवर एक भला मोठा फोटो लावायचा होता, आणि सेक्रेटरी हरिश्चंद्रकाकांनी निकेतचा चेण्याच्या नदीचा फोटो पसंत केला होता. मागे डोंगर, पुढे रुंद शांत पाणी, काठावर चिटपाखरू नाही. आणि वर, अर्थातच, चादर.

"आभाळ मी आणलंय ह्या वेळी," निकेत म्हणाला आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. "माझ्याकडचं सगळ्यात सुंदर आभाळ."

तिने फोटो उघडला. आभाळ सुंदर होतं, नाही म्हणायची सोयच नव्हती. केशरी, मग राणी, मग वर कुठेतरी निळं. पण फोटोच्या खालच्या कडेला एका मुलीचं डोकं होतं. पाठमोरं. मोकळे केस, वाऱ्यावर उडालेली ओढणी, आणि उंच केलेला एक हात. हातात हिरव्या बांगड्या.

"ते खालचं कापून टाक," निकेत पटकन म्हणाला.

"कोण आहे?"

"हिना. आमच्या ऑफिसातली... होती. पिकनिकला गेलो होतो."

नुसतं 'हिना' म्हणाला असता तर चाललं असतं. पण 'होती' म्हणण्याआधी तो क्षणभर थांबला होता, आणि सुरुचीने ते थांबणं ऐकलं.

"आमच्याकडे आभाळं कमी आहेत का?" तिने हसून विचारलं. हसू नीट बसलं नाही.

"आहेत की. पण मला हेच हवंय. आणि तूच करायला हवंस."

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. हात लांबसडक होता. बोटं अशी, की अंगठी कुठल्याही बोटात शोभेल. सुरुचीने आपला हात माऊसवरून उचलून बघितला आणि परत ठेवला. हिनाचा चेहरा दिसत नव्हता, तेच वाईट होतं. दिसला असता तर त्यात काहीतरी खोड काढता आली असती. नाक तरी. आता ती मनात येईल तितकी देखणी होत होती.

जेवताना तिला तो हात दिसला. आईने दिलेल्या पोळीवर दिसला. डोळे मिटले तरी हिरव्या बांगड्या किणकिणत. दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली तेव्हा तर पांढऱ्या भिंतीवरही तिला तो हात दिसत होता.

आणि इथेच तिच्या हातून ती चूक झाली. आधी कापायचं आणि मग आभाळाची दुसरी प्रत काढून ती उलटी करायची, हा तिचा नेहमीचा क्रम. त्या दिवशी तिने प्रत आधी काढली. वरच्या आभाळातून हिनाला कापली, केसांच्या बटेसकट, जरा जास्तच आनंदाने. खालची प्रत हिनासकट तशीच राहिली. ती प्रत उलटी केली, काळोखी केली, पाण्यासारखी हलवली. त्या पाण्यात तो हात होता. सुरुचीला तो दिसलासुद्धा. पण कालपासून तो तिला सगळीकडेच दिसत होता, म्हणून तिने डोळे चोळले, पुन्हा भास झाला म्हणून स्वतःवरच चिडली आणि फोटो छपाईला पाठवून दिला.

घटस्थापनेच्या सकाळी निकेतचा फोन आला. "लवकर ये. सोसायटीत ये. तू... तू ये फक्त!" त्याच्या आवाजात हसू होतं की रडू, ते तिला कळेना.

लॉबीत उदबत्त्यांचा धूर होता. भिंतीवर चेण्याची नदी पसरली होती, वर केशरी आभाळ, खाली काळोखं केशरी पाणी. आणि पाण्यात, काठाला लागून, केस मोकळे सोडलेली एक बाई. डोकं खाली, हात त्याच्याही खाली, लाटांनी जरासा वाकडा झालेला. काठावर मात्र कोणी नव्हतं.

फोटोसमोर पाट मांडला होता. पाटावर नारळ, हिरवा खण, हळदकुंकू. चौकटीला झेंडूचा हार.

"आसरा हाय ती," पहिल्या मजल्यावरच्या अनसूयाबाई जमलेल्या बायकांना सांगत होत्या. गोडदेवच्या मूळ रहिवासी त्या, आणि वयाने सगळ्यांत मोठ्या. "पान्यातली देवी. माजं म्हायेर चेन्याचं, मना नको सांगू. काठाव मानूस न्हाय आनि पान्यात बाय, मंग आसराच की! न्हाय तं कोन?"

"मावशी, ते प्रिंटिंग मिस्टेक असेल," हरिश्चंद्रकाका चाचरत म्हणाले. "बदलून घेऊ आपण."

"हात लावून तं बघा! घटाच्या दिशी आलेली देवी बाहेर काडता? लिफ्ट बंद परल, मंग नको बोलू."

लिफ्टचं नाव निघताच काकांनी हात जोडले.

निकेत जिन्यापाशी तोंडावर रुमाल दाबून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. सुरुचीला पाहून त्याने काही बोलायचा प्रयत्न केला, पण हसण्याखेरीज काही बाहेर पडलं नाही.

ती मात्र हसली नाही. जिला तिने बटेसकट कापून टाकली होती ती समोर नारळ घेऊन बसली होती. बायका रांगेने तिला कुंकू लावत होत्या.

"झालं समाधान?" सुरुचीचा आवाज फुटला. "तुझी हिना देवी झाली. आता येताजाता पाया पड."

निकेतचं हसू थांबलं. "माझी हिना?"

"मग कोणाची? सगळ्यात सुंदर आभाळ म्हणे! आमची आभाळं तुला पैठणी वाटतात, उदास वाटतात. तिचं तेवढं सुंदर. चूक माझीच झाली, सांगते मी काकांना. पण मी मुद्दाम नाही केलं. मला वाटलं भास आहे. मला सारखी तीच..." ती थांबली. थोडं जास्तच बाहेर आलं होतं.

"सारखी तीच... काय?"

"काही नाही."

"दिसायची?"

निकेत तिला जिन्याच्या दोन पायऱ्या वर घेऊन गेला, उदबत्तीच्या धुरापासून दूर.

"तो हात बघितलास ना नीट?" त्याने विचारलं.

"पाठ आहे मला."

"त्या संध्याकाळी मी तिला विचारणार होतो. कॅमेरा लावला, आभाळ असं पेटलेलं... म्हटलं, हा फोटो काढतो आणि विचारतो. तेवढ्यात तिने हात केला. समोरून तिचा होणारा नवरा येत होता. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तो हात त्याला होता, सुरुची. मला नव्हता."

खालून घंटेचा आवाज येत होता.

"नंतर तो फोटो मी कधी उघडलाच नाही," तो म्हणाला. "आभाळ आवडायचं, पण ती त्यात असायची. तुझ्याकडे यायला लागलो आणि एक दिवस वाटलं, तिला तू कापावंस. म्हणजे मग ते नुसतं आभाळ उरेल. दुसऱ्या कोणाकडे नसतं नेलं मी."

"आवडत होती ना पण?" सुरुचीला तेवढंच ऐकू आलं होतं.

"होती."

"खूप?"

"तेव्हा खूप."

"आणि हे असं तोंडावर सांगतोस!"

"तूच म्हणालीस ना, पाण्याला खरं बोलायला लावतेस... मी तर साधा विमा कंपनीतला माणूस."

तिला हसू आलं आणि तिने ते गिळलं. मत्सर काही इतक्यात निघण्यातला नव्हता. खरं सांगायचं तर तो आता जरा हवाहवासाही वाटू लागला होता.

"आता ती कायमची इथे राहणार," ती म्हणाली. "मावशी काही तिला हलवू देणार नाहीत. रोज सकाळी ऑफिसला जाताना तुला ती दिसणार. संध्याकाळी परत येताना दिसणार. आणि मी तिकडे नवघरला... मला नाही चालणार हे."

"मलाही नाही चालणार."

"मग?"

निकेतने जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवलं, उगाचच. आता तो घाबरला होता, आणि हे तिला दिसलं.

"मग तूच ये इथे राहायला," तो म्हणाला. "कायमची. चौथा मजला, आई आणि मी, गॅलरीतून खाडीची एवढीशी कड दिसते. रोज माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत खाली ये. माझी नजर कुठे जाते ते बघ. पहारा दे."

"हे... हे विचारणं आहे?"

"ह्या वेळी कॅमेरा लावत बसलो नाही. उशीर करत नाही मी आता."

ती काही बोलणार एवढ्यात अनसूयाबाईंची हाक आली. "एऽ पोरी! वर काय करतेस? ये, कुंकू लाव देवीला. लगीन व्हाचं हाय ना अजून? मंग आसरेला रुसवू नको."

सुरुची खाली आली. पदर नव्हता म्हणून तिने ओढणी डोक्यावर घेतली, कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि हिनाकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट, पाठ झालेलं विसरून. पाण्यात उलटी लटकलेली, दुसऱ्याच कोणाला तरी हात करणारी एक मुलगी. तिचं तिकडे सगळं नीट चाललेलं असो. सुरुचीने काचेवर कुंकू टेकवलं.

मग हात न काढता तिने झेंडूचा हार धरला आणि तो चौकटीवरून हळूच खाली, डावीकडे ओढला. फुलं काचेवरून सरकत आली आणि हिरव्या बांगड्यांवर थांबली. अनसूयाबाईंना वाटलं, पोरगी भक्तिभावाने हार नीट करतेय. त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

निकेत तिच्या मागे येऊन उभा राहिला होता.

"चौथ्या मजल्यावर येईन मी," ती फोटोकडे बघतच, अगदी हळू म्हणाली. "पण हार रोज मी घालणार. असाच."

"चालेल."

"दिसतोय का अजून?"

"काय?"

"हात."

तिने वळून पाहिलं. तो फोटोकडे बघतच नव्हता.

"कुठला हात?" तो म्हणाला.