सत्तावीस नंबरची उशी

शाळेच्या चॅपेलमध्ये मागच्या भिंतीला एक लांब लाकडी पट्टी होती आणि पट्टीवर साठ खुंट्या. प्रत्येक खुंटीवर नंबर घातलेली एक उशी. प्रार्थनेला येताना मुली आपापली उशी काढायच्या, गुडघ्यांखाली घ्यायच्या, प्रार्थना संपली की परत अडकवायच्या. टोकाला मोठ्यांच्या उशा असायच्या. सगळे गुडघे टेकून बसले की हजेरीच्या सिस्टर खुंट्या बघायच्या. जिची उशी खुंटीवर राहिली, ती आजारी. वहीत लिहायचं 'सिकरूम' आणि स्वयंपाकघराला सांगायचं, एक ताट तिकडे पाठवा. बाकी चौकशी नाही. चाळीस वर्षं हेच चालू होतं आणि सगळ्यांना या शिस्तीचं मोठं कौतुक.

त्या उशा शिवायचं काम शिवणबाईंचं. अकरा वर्षांत त्यांना मुली चेहऱ्यांआधी गुडघ्यांवरून ओळखू यायच्या. सत्तावीस नंबरची उशी नऊ वर्षांच्या, दम्याने बेजार, पण तोंडाला खळ नसलेल्या एका मुलीची. शिवणबाई तिला टकळी म्हणायच्या. उशीचा बंद ती खुंटीला दोनदा गुंडाळायची.

"एकदा पुरतो की गं," बाई म्हणायच्या.

"आणि पडली म्हणजे?"

त्या शनिवारी सकाळी भर प्रार्थनेत टकळीने शेजारणीला विचारलं, "देवाला गुडघे असतात का गं?" अख्खी रांग फिसकन हसली. शाळेच्या प्रमुख मदर पुढून उठून आल्या, दंडाला धरून तिला वेदीमागच्या मेणबत्त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. उशीशिवाय, फरशीवर गुडघे टेकून क्षमा माग, बोलावल्याशिवाय आवाज काढायचा नाही, असं बजावलं. दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दुसऱ्या गावी बैठकीला निघून गेल्या. विसरल्या. रविवारी सकाळी वेदीसाठी मेणबत्त्या लागल्या, तेव्हा परतलेल्या मदरकडून किल्ली घेऊन दार उघडलं. पोरगी गुडघ्यांवरच होती, कपाळ दाराला टेकलेलं.

"देवाने आपल्या लेकराला झोपेत बोलावून घेतलं," मदर सभेत म्हणाल्या. झोपेत! शिवणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवाने कशाला बोलावलं असेल? देव काय कुलपं घालत फिरतो? स्वतःचं पाप त्याच्या माथी मारायचं आणि वर डोळे मिटून त्याच्याच पुढे बसायचं!

पण या रागाच्या तळाशी एक गोष्ट होती, ती बाईंनी कोणालाच सांगितली नव्हती. त्या शनिवारी चॅपेल रिकामं झाल्यावर तिसऱ्या रांगेत एक उशी पडलेली त्यांना दिसली. नीटनेटकेपणाची सवय. त्यांनी ती झटकली आणि खुंटीवर अडकवली. संध्याकाळी सिस्टरनी पाहिलं, सत्तावीस खुंटीवर. सिकरूम. तिथली नर्स रजेवर होती. ताट गेलं, न उष्टवता परत आलं. आजारी पोरी जेवत नाहीतच. उशी जमिनीवर पडून राहिली असती, तर रिकामी खुंटी पाहून संध्याकाळीच शोधाशोध झाली असती.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, सत्तावीस नंबरची उशी सकाळी तिसऱ्या रांगेत दिसली. बाईंना वाटलं, कोणीतरी चहाटळपणा केलाय. त्यांनी ती उचलली. मधोमध दोन लहान खळगे होते आणि कापड कोमट होतं.

मंगळवारी तेच. बुधवारी त्यांनी उशी शिवणखोलीत नेऊन उसवली. कापसाला मेणाचा वास येत होता. सगळा कापूस बदलला, उशी टम्म भरली, कपाटात ठेवून किल्ली गळ्यात घातली. गुरुवारी कपाट बंद होतं, किल्ली गळ्यात होती आणि उशी तिसऱ्या रांगेत. खळगे तेवढेच खोल.

मदरनी बोलावून घेतलं. "हा काय पोरखेळ मांडलाय, बाई?"

"मी नाही मांडला."

"शनिवारी तिचे वडील ट्रंक न्यायला येताहेत. मुलगी दम्याने गेली, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. मला तमाशा नकोय."

"दार बाहेरून बंद होतं, तेही लिहिलंय का त्यांनी?"

मदरनी समोरचे कागद सारखे केले. "पोटापाण्याला इथेच आहात ना तुम्ही? मग तोंड सांभाळा."

शनिवारी वडील आले. ट्रकचालक होते, रात्रभर गाडी चालवून आले होते. त्यांना पहिल्या बाकावर बसवून मदरनी पुन्हा तेच सुरू केलं, देवाचं बोलावणं, शांत झोप. शिवणबाई उठून उभ्या राहिल्या.

"खोटं आहे. यांनी तिला त्या खोलीत कोंडलं. किल्ली यांच्या खिशात होती."

वडिलांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"पण बाई, दिवसभरात कोणीच कसं शोधलं नाही हो तिला?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागच्या पट्टीवर साठ खुंट्या होत्या.

"ते यांनाच विचारा," त्या म्हणाल्या आणि मदरकडे बोट दाखवलं.

वडिलांनी ट्रंक उचलली. "उद्या येतो. पोलीस घेऊन."

संध्याकाळच्या प्रार्थनेला मदरची जांभळी उशी खुंटीवर होती.

"बरं नसेल," सिस्टर पुटपुटल्या. "होणारच." वहीत लिहिलं. सिकरूम.

शिवणबाईंनी जवळ जाऊन पाहिलं. बंद खुंटीला दोनदा गुंडाळलेला होता.

त्यांनी वेदीमागच्या दाराकडे पाहिलं. बाहेरून कुलूप होतं. चार पावलं टाकली असती तर कान लावता आला असता. राहू दे, त्यांच्या मनात आलं. एक दिवस राहू दे तिलाही. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि प्रार्थनेला बसल्या.

रविवारी मेणबत्त्या लागल्या. किल्ली सापडेना, म्हणून कुलूप फोडलं.

मदर गुडघ्यांवर होत्या. कपाळ दाराला टेकलेलं. अंग थंड.

किल्ली त्यांच्याच खिशात होती.

दुपारी पोलीस आले, वडीलही आले. वडिलांनी बाईंना पुन्हा तेच विचारलं, कोणीच कसं शोधलं नाही. आता तर सोपं होतं. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं.

"मदरनाच ठाऊक," शिवणबाई म्हणाल्या.

सोमवारी त्या लवकर आल्या. सत्तावीस नंबरची उशी जागेवर, खुंटीला. टम्म, खळगे बुजलेले. बाईंचा जीव भांड्यात पडला. आपली उशी काढून त्या नेहमीच्या बाकाशी गेल्या, गुडघे टेकले, डोळे मिटले. मुली आल्या, प्रार्थना सुरू झाली.

फरशी गार लागली.

त्यांनी खाली पाहिलं. गुडघ्यांखाली उशी नव्हती.

मागे वळून पाहिलं. टोकाच्या खुंटीवर त्यांची उशी होती. बंद दोनदा गुंडाळलेला.

"सिस्टर," त्या म्हणाल्या. "अहो सिस्टर, मी इथे आहे."

हजेरीच्या सिस्टर दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी खुंटी पाहिली, वहीत एक शब्द लिहिला आणि दाराशी थांबलेल्या स्वयंपाकिणीला हळूच म्हणाल्या,

"सिकरूमला एक ताट पाठवा."