विहिरीला दिलेली ओ

"मांजरी गावापासून मार्केट यार्डापर्यंत कुणालाबी विचारा, भुतं गेनबाला भितात, गेनबा भुतांना न्हाय," असं गेनबा येईल-जाईल त्याला सांगायचा. ऐकणारा जरा दबला की लगेच पुढचं, "आता दिस मावळल्यावर परसाकडं जायचं झालं तर बायकूला, मुक्ताबाईला, बॅटरी धरून हुबी करतो, ती गोष्ट येगळी. माझ्याहून जास्त भुतं तिला भितात."

गेनबा चौथी पास की नापास हे त्याच्या मास्तरलाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण माणूस दचकवण्यात तो पदवीधर. तरुणपणी मार्केट यार्डात कांद्याच्या रिकाम्या पोत्यात शिरून बसला होता. हमालानं पोतं पाठीवर घेतलं, दहा पावलं गेला, तर पोतं कानाशी म्हणालं, "हळू रं बाबा, कंबर दुखतीय." हमाल पोतं टाकून जो पळाला तो थेट स्वारगेटला थांबला म्हणतात. आता सत्तरी ओलांडली तरी खोड गेली नव्हती. त्याचा ऊस होता तिथं बारा मजली सोसायटी उभी राहिली. हिरवं काही शिल्लक उरलं नाही म्हणून बिल्डरनं ते नावात घातलं. तिथल्या बाया संध्याकाळी फिरायला निघाल्या की कुंपणाआडून कोल्हा ओरडायचा. कोल्ह्याला खोकला व्हायचा, इतकाच फरक.

गेनबाकडं उरलं होतं ते बंद पडलेल्या गुऱ्हाळाचं पत्र्याचं शेड, आणि मागची विहीर.

त्या विहिरीबद्दल त्याची आई, मथुराबाई, एकच गोष्ट सांगायची, आणि सांगताना कधी हसायची नाही. "हिरीकडनं नावानं हाक आली तर दुसऱ्या हाकेची वाट बघायची. माणूस दोनदा हाक मारतो. ती एकदाच मारती." गेनबाच्या मैनाआत्यानं लहानपणी पहिल्याच हाकेला ओ दिली होती. त्या दिवसापासून तिचा आवाज गेला. ओठ हलायचे, आवाज नाही. आणि घरातलं कुणी उत्तर देईना की आत्या चिडून भांडी आपटायची. पोरगा गेनबा तिच्या नकला करायचा आणि आईच्या हातचा मार खायचा.

गेनबाची नात ऋतिका इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तोंड असं, की हडपसरला बसमध्ये बसली की वाघोलीपर्यंत कंडक्टरला तिची सगळी हकिगत पाठ. ही पोरगी गप्प बसायची ती एकाच गोष्टीसाठी. 'बुडीत क्षेत्र' नावाचा एक बँड होता, पुण्यातल्याच पोरांचा. त्यांचा पहिला ॲलबम म्हणजे धरणाखाली गेलेल्या गावाची गोष्ट. नुसतं ऐकायचं, पण सिनेमा बघितल्यासारखं सगळं दिसायचं. पाण्याखाली वाजणारी देवळातली घंटा, वल्ह्याचा आवाज, मग गिटार अशी अंगावर यायची की जणू धरणाचं दारच उघडलं. ऋतिका आणि तिच्यासारखे शेकडो वेडे तो ॲलबम दिवे घालवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता ऐकायचे. काळे टी-शर्ट घालून, डोळे मिटून. ड्रमवाल्याची खुर्ची कुठल्या गाण्यात करकरते हेही त्यांना ठाऊक.

"अगं, पैसं देऊन भ्या घेताय व्हय? मी फुकट देतो की!" गेनबा म्हणाला होता.

"आबा, तुमची भीती दचकवते आणि जाते," ऋतिका म्हणाली. "यांची घरी येते, बसते, चहा पिते. आपल्या आत जे असतं ना, ज्याला नाव नाही, ते कुणीतरी नीट मांडून समोर ठेवतं. मग एकटं वाटत नाही."

गेनबाला हे लागलं. धंद्यातला माणूस होता तो. दुसऱ्याचा माल सरस आहे म्हटलं की कुणालाही लागतं.

म्हणूनच बँडनं दुसऱ्या ॲलबमसाठी शेड मागितलं तेव्हा त्यानं हसत हसत दिलं. ऐन उन्हाळा होता. गाणारा रणजित आणि आवाज मुद्रित करणारा आमोद, दोघांनी विहिरीत मायक्रोफोन सोडले. गेनबा काठाच्या कट्ट्याआड दडला आणि त्यानं बैलाची जुनी घुंगुरमाळ हळूच हलवली. पोरं किंचाळतील म्हणून तोंडावर हात धरून वाट बघत बसला.

"आबा, वा!" आमोद ओरडला. "परत एकदा. जरा सावकाश."

गेनबा कट्ट्यामागून बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. आयुष्यात पहिल्यांदा भुताला कुणी वन्स मोर दिला होता.

"आबा, शेतातून गड्याला हाळी घालायचात तशी विहिरीत घाला ना एक," रणजित म्हणाला. "आमच्या घशातून ती येत नाही. आम्ही फ्लॅटमधली माणसं."

गेनबा काठावर ओणवा झाला. आतून शेवाळाचा वास आला, आणि त्याच्याखालून दुसरा एक. करपलेल्या काकवीचा. गुऱ्हाळाचं चुलवण विझून वर्षं लोटली होती. त्यानं छाती भरून घेतली.

"कोण हाय रंऽऽ?"

जन्मभर त्या विहिरीनं हाक परत दिली होती, ठणठणीत, वर दोन-तीनदा घोळवून. त्या दिवशी काहीच आलं नाही. कापसाच्या गंजीत दगड टाकावा तशी हाक आत गेली ती गेलीच. गेनबा वाकून बघत राहिला. पाणी हललं नाही. आणि मग, झोपलेल्या माणसाला उठवावं तशा हलक्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"गेनबा…"

गेनबा हसला. पोरट्यांनी डाव उलटवला! शिष्य असावेत तर असे. खेळ रंगात यावा म्हणून त्यानं खणखणीत उत्तर दिलं,

"ओऽऽ!"

रणजितनं हेडफोन काढले. त्याच्या दंडावर काटा उभा होता. "आबा, काय दिलंत हो हे…"

"पर हाक कुणी मारली? तू का ह्यो?" गेनबानं विचारलं.

दोघं वायर गुंडाळत राहिले. वर बघितलंसुद्धा नाही. शाब्बास, गेनबाला वाटलं. थट्टा करावी तर अशी, ओठाची कड हलू न देता.

त्या दिवसापासून घरात एक नवाच खेळ सुरू झाला. गेनबा म्हणायचा, "मुक्ते, च्या टाक." मुक्ताबाई कणीक मळत राहायची. रिकामा कप तिच्या नाकासमोर धरला की मगच चहा मिळायचा. पानवाला ज्ञानदेव त्याचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखा करायचा आणि बोटानं दाखवलं की तंबाखू द्यायचा. गेनबाच्या लगेच ध्यानात आलं. आजवर ज्यांना ज्यांना दचकवलं त्या सगळ्यांनी कट केला होता, गेनबाला उत्तर द्यायचं नाही. म्होरकी अर्थात ऋतिका. मनातून तो खूश होता. घराण्यात विद्या चालली. पण महिना गेला, दुसरा लागला, तेव्हा मात्र जेवताना त्यानं रागानं ताट आपटलं.

"आवो, पुरं करा आता ही सोंगं," मुक्ताबाई म्हणाली.

"सोंगं कोन करतंय!" गेनबा ओरडला.

मुक्ताबाईनं भाकरी उलटली.

मग 'हाळी' आला. त्याच नावाचा ॲलबम. हडपसर-मगरपट्ट्याच्या फ्लॅटांमधून संध्याकाळचे दिवे विझायला लागले. त्यात एक जागा होती. सगळी वाद्यं थांबायची, गेनबाची हाळी यायची, "कोण हाय रंऽऽ?" मग शांतता. मग त्याचीच ओ. पोरं त्या शांततेवर फिदा झाली. कुणाला तिच्यात पाणी ऐकू यायचं, कुणाला श्वास. कॉलेजच्या जिन्यात कुणी "कोण हाय रं?" ओरडलं की चारही मजल्यांवरून "ओऽऽ!" यायचं. टी-शर्टावर छापलं. गेनबाचा फोटो कुणी छापला नाही, हे त्याच्या मनात राहिलं.

"आबा, आबा, रविवारी आपल्या शेडमध्ये सगळे फॅन्स येणार! अंधारात अख्खा ॲलबम, मोठ्या स्पीकरवर!" ऋतिका नाचत आली. "आणि ऐका, पुढच्या ॲलबममध्ये मी गाणार. रणजितदादानं माझी चाचणी घेतली. म्हणाला, तुझ्या आवाजात ओल आहे. आबा, मला आयुष्यात दुसरं काही नको. हा आवाज जपायचा बस्स. आजपासून आईस्क्रीम बंद."

गेनबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोललाही. ती तोवर आत पळाली होती.

रविवारी दिवेलागणीला शेड भरलं. दोन-अडीचशे पोरं पोती अंथरून बसली. मोबाइल टोपल्यांत गोळा केले, विहिरीकडचा दरवाजा हवेसाठी उघडा ठेवला आणि दिवे घालवले. गेनबा त्याच दरवाजात उभा राहिला. ऋतिका समोर, तिसऱ्या-चौथ्या ओळीत. वेणीला लावलेली पांढरी रिबीन तेवढी दिसत होती.

ॲलबम सुरू झाला आणि गेनबानं पहिल्यांदाच तो नीट ऐकला. पत्रा थरथरत होता. ढोलाचा एकेक ठोका बरगडीवर बसत होता. मधेच कुणीतरी ओलं कापड ओढत नेल्यासारखा सूर, आणि त्याखाली रणजितचा आवाज, हळू, जवळ, जणू आपल्याच घशातून निघालेला. एवढी पोरं, पण श्वास एकच. पोरीचं खरं होतं. ही भीती बसून चहा पिणारी होती.

मग वाद्यं थांबली. अंधारात गेनबाचीच हाळी उमटली.

"कोण हाय रंऽऽ?"

शांतता.

गेनबा वाट बघत होता. आता ती हाक येईल. 'गेनबा…' म्हणून. पोरांनी मारलेली हाक, ओ यायच्या आधी.

आली नाही. शांतता सरळ जाऊन त्याच्याच 'ओऽऽ'ला भिडली.

विहिरीत एवढे मायक्रोफोन सोडलेले. काठावर उभं राहून पोरांपैकी कुणी हाक मारली असती तर ती यात उतरली असती. बैलाची घुंगुरमाळसुद्धा उतरली होती… हाक नव्हती.

"परत लावा!" पोरं ओरडली. "परत! आता सगळे मिळून!"

स्पीकरवर गाणं मागे गेलं. गेनबाच्या पाठीमागून, उघड्या दारातून, काकवीचा वास आत आला. करपलेला, गोड, घशाला चिकटणारा.

"ओ देऊ नका!" गेनबा ओरडला. "ऋतिके! पोरांनू! दुसऱ्या हाकेची वाट बघा रं…"

एकानंही मान वळवली नाही. जन्मभर लांडगा आला म्हणणाऱ्याचं कोण ऐकतो? तो ओळींमधून घुसला. कुणाच्या हातावर पाय पडला, कुणी "ओ काका" म्हणून वैतागलं. स्पीकरमधून हाळी आली. मग शांतता.

आणि त्या शांततेत, दारातून आलेल्या सोसायटीच्या दिव्यांच्या अंधुक उजेडात, सगळ्या माना एकदम वळल्या. आपलं नाव घेतल्यावर माणूस वळतो तशा, प्रत्येक जण वेगळा, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू. क्षणभर गेनबाला वाटलं, आपल्याकडं बघताहेत. ते त्याच्या खांद्यावरून दाराकडं बघत होते.

ऋतिकाचं तोंड उघडलं. गेनबानं हात पुढे केला. हात पोचला तो रिबिनीला.

"ओऽऽ!"

सगळं शेड म्हणालं. पत्रा दणाणला. मग बाहेर, विहिरीत, काहीतरी पाण्यात उतरल्यासारखा आवाज झाला. एकच, सावकाश.

दिवे लागले. पोरं उभी राहिली, हात वर करून, गळ्याच्या शिरा ताणून, मोठ्यानं जयजयकार करत. टाळ्या वाजत होत्या. पाय आपटत होते. पण तेवढी तोंडं उघडी असून आवाज टाळ्यांचाच येत होता.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. घामेजलेली, आनंदलेली पोरं घरी गेली. सकाळी ज्या त्या घरात आई म्हणाली असेल, रात्रभर बोंबललात, घसा बसणारच, मिठाच्या गुळण्या करा.

मुक्ताबाईही तेच म्हणाली. ऋतिका आरशासमोर उभी राहून वेणी घालत होती आणि बडबडत होती. ओठ भराभर हलत होते. भुवया उडत होत्या. मधेच ती हसली, आजीकडं वळून काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबली.

"गप बस जरा, घशाला आराम दे," मुक्ताबाई म्हणाली.

ऋतिकानं परत विचारलं. परत थांबली. मग तिचं नाक लाल झालं, अर्धी वेणी सोडून ती ओट्याशी गेली आणि तिनं कप आपटला.

गेनबानं तो आवाज ओळखला. लहानपणी रोज ऐकलेला.

त्यानं चपलासुद्धा घातल्या नाहीत. चढत्या उन्हात, तापू लागलेल्या मातीवरून तो विहिरीवर आला. मनात एकच हिशेब चालू होता. ओ तर आपणही दिली होती. उन्हाळ्यातच. मग आपला आवाज का नाही गेला? कडू, म्हातारा म्हणून नको झाला असेल. पण अडल्या वेळेला बदल्यात घेईल की. तो काठावर गुडघे टेकून वाकला. पाणी हिरवं, स्थिर. आत त्याचं तोंड दिसत होतं.

"ऐक," तो म्हणाला. "उभ्या जन्मात कधी कुणापुढं हात जोडलं न्हाईत. आज जोडतो. पोरगी गाणार हाय. तिचा सोड. माझा घे. लई बडबड केली म्या, आता मला त्येचं काय काम?"

वरती सोसायटीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं. मग तेही थांबलं. काकवीचा वास हळूहळू वर आला. आणि खालून, पाण्याच्या अगदी जवळून, ऋतिकाचा आवाज आला. तसाच, ओल असलेला, थट्टेचा, आबाला चिडवतानाचा.

"तुमचा तर तेव्हाच घेतला की, आबा. मग आत्ता हे बोलतंय ते कोण?"